लीदगाडी

मंगळवारी सात तबेले, शुक्रवारी पाच.
उजाडतं दहा वाजता. तोवर
मी वासावरून ओळखतो कुणाचं अंगण:
पीट, ओल्या दलदलीसारखा थंड,
म्हणजे पेल्टोकांगास आणि त्याची शर्यतीची घोडी;
लाकडाचा भुसा म्हणजे पोरींची रायडिंग स्कूल;
आणि गव्हाचं काड, मूत मुरून पिवळं,
सरळ नाकात घुसणारं,
म्हणजे हाउतालाबाई.

उणे बावीस. सगळं गाव बर्फाखाली,
लिदीचा ढीग तेवढा उघडा, काळा, वाफाळता.
त्याच्यावर बर्फ टिकत नाही.
चिमण्या तिथे पाय शेकतात.
मीही शेकलेत हात, मोजे काढून,
कुणी बघत नसताना.

पूर्वी हा ढीग म्हणजे नुसती कटकट.
शेतात टाकायला कायदा आडवा, जाळायला परवाना,
रस ओढ्यात उतरला की शेजाऱ्याचं पत्र.
उकिरड्याचा पांग बारा वर्षांनी फिटतो म्हणतात.
इथे एकोणीस लागली,
नगरपालिकेच्या बैठकी किती ते विसरलो,
आणि तौनो.

तौनोच्या चार खोल्या, काँक्रीटच्या, गॅरेजसारख्या.
दार लावलं की आत हवा नाही, उजेड नाही;
वरून कोमट पाणी झिरपत राहतं
आणि न दिसणारे जीव चरायला लागतात.
"माझी गुरं," तो म्हणतो.
तीनदा त्यांचा ताप बघतो:
अडतीस, अडतीस, सदतीस पूर्णांक आठ.
लीद त्यांना आवडते. काडही खातात, कुरकुरत.
पण भुसा,
इथेच घोडं पेंड खातं.
लाकूड पचत नाही. तीस दिवसांनी दार उघडावं
तर जसाच्या तसा,
हट्टी पोराने ताटात उरवलेल्या भाजीसारखा.
रायडिंग स्कूलला त्याने चिठ्ठी पाठवली:
काड घाला, नाहीतर मी येऊन
घोड्यांशीच बोलतो.

हाउतालाबाईंची उतू जानेवारीत गेली.
उतू म्हणजे विरळ धुकं; रंगावरून पडलेलं नाव.
एकोणतीस वर्षांची. दात संपलेले,
चारा भिजवून, कालवून द्यायच्या.
डॉक्टर आला आणि कॉफी न घेता गेला.
मी शुक्रवारी पोचलो तेव्हा
तिचा कप्पा झाडलेला, धुतलेला, दार सताड.
ढिगाकडे बोट करून त्या म्हणाल्या,
"घेऊन जा. त्यात तिचंही आहे."
आणि बाहीने नाक पुसलं.

त्याच खेपेला मिसळणारं यंत्र अडकलं.
तौनोने आडवं पडून, खांद्यापर्यंत हात घालून
एक नाल काढला. मागच्या डाव्या पायाचा,
एका अंगाने झिजलेला.
यंत्राची दोन पाती गेली.
बिल माझ्याच हातात दिलं, नालासकट.

हाउतालाबाईंनी बिल टेबलावर ठेवलं,
नाल उलटापालटा केला.
"ऑक्टोबरपासून शोधत होते.
घासायची तो पाय, चालताना."
पैसे मोजून दिले. पावती नको म्हणाल्या.

आता मार्च. तीन नंबरच्या खोलीतला वायू
धुऊन, दाबून, माझ्याच गाडीत भरतात.
वरातीमागून घोडं ऐकलं होतं;
हे घोडं वरातीच्या टाकीत.
पुलापुढच्या चढावर गाडी जड झाली
की गिअर बदलतो, आणि जीभ टाळ्याला लावून
टक्, टक् करतो.
सवय केव्हा लागली ठाऊक नाही.
लाज वाटते, पण गाडी चढते.

काल तौनोकडे थांबलो.
खोलीतूनच एक नळी त्याने शेगडीला काढलीय,
बेकायदा असावी. निळी ज्योत,
सडक्या अंड्याचा जरासा वास.
वर ओटची लापशी, दुधातली.
तो तापमान लिहीत होता, मी खिडकीतून
ढिगावरच्या चिमण्या मोजत होतो.
लापशी फुगली, कडेवर आली, उतू गेली.
दोघांपैकी कुणीही
पटकन उठलं नाही.